चौथी कुंडी तेवढी बरोबर

धाकट्याचा फोन आला तेव्हा थोरली दुकानात एका आजोबांना तक्ता वाचायला लावत होती. चष्म्याच्या त्या दुकानात तिला अठरा वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात एक गोष्ट तिला पक्की कळली होती: ज्याला दिसत नाही तो गप्प बसत नाही, तो पाठ करून येतो. हे आजोबाही शेवटची ओळ घडाघडा म्हणाले. फक्त ती ओळ जुन्या तक्त्यावरची होती. तक्ता बदलून महिना झाला होता.

“ताई, रविवारी आईकडे जाणार आहेस ना?” धाकटा म्हणाला. “मग तुझ्या डोळ्यांनी बघ आणि संध्याकाळपर्यंत मला एक काय ते सांग. इथली तिच्यासाठीची खोली तयार आहे. रंग झाला, पलंग आला, पडद्यांच्या कड्यासुद्धा बसवल्या.”

“आई काय म्हणते?”

“आई काहीच म्हणत नाही. तेच तर.”

आई काहीच म्हणत नाही, हे थोरलीला पटेना. तिची आई एकतीस वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर होती. बाळांच्या आया, आयांच्या सासवा आणि वेळ पडली तर मोठे डॉक्टर, सगळ्यांना तिनं तोंडावर सुनावलं होतं. निवृत्त झाल्यावर सुनावायला कुणी उरलं नाही म्हणून ती खाल्लेल्या फळांच्या बिया रुजवायला लागली. रोपं उलट उत्तर देत नाहीत, एवढंच तिला त्यांच्यातलं आवडत नाही, असं ती म्हणायची.

आईचं डोकं पहिल्यासारखं राहिलं नाही, याचे धाकट्याकडे दोन पुरावे होते. पहिला, दुधाचा. आई आतल्या खोलीत बसली होती आणि स्वयंपाकघरात दूध आटून, करपून, भांड्याच्या बुडाला भोक पडायची वेळ आली तरी तिला पत्ता नव्हता. खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीनं येऊन दार ठोठावलं तेव्हा कुठे कळलं. दुसरा पुरावा रोपांचा. आईनं स्वतःच्या हातांनी लावलेली सात रोपं, प्रत्येकाच्या मातीत नावाची पट्टी खोचलेली. धाकट्यानं सहज विचारलं, हे कशाचं, ते कशाचं, तर आईनं सातातलं एकच बरोबर सांगितलं.

“सहा चुकली, ताई. स्वतः लावलेली.”

धाकटा एका मोठ्या गोदामात मालाची आवक-जावक बघायचा. त्याच्या घरात मिठाच्या डब्यावर ‘मीठ’ लिहिलेलं होतं, साखरेच्या डब्यावर ‘साखर’ आणि लेबलांच्या डब्यावर ‘लेबलं’. एकदा चिकटवलेल्या लेबलावर त्याचा जेवढा विश्वास होता तेवढा माणसांवर नव्हता. पण आईवर जीव होता, हेही खरं. पडद्याच्या कड्या त्यानं स्वतः बसवल्या होत्या आणि हातोडी त्याला कधीच जमली नव्हती.

रविवारी थोरली पोचली तेव्हा आई दारात उभी होती. केस विंचरलेले, चष्मा पुसलेला. ही तिची वॉर्डाची पाहणी असायची तेव्हाची तयारी. थोरलीला बघून आईला बरं वाटण्याऐवजी आई सावध झाली, आणि ते थोरलीच्या लक्षात आलं.

चहा झाला. चहाला काही नावं ठेवण्यासारखं नव्हतं. थोरली कप घेऊन गॅलरीत गेली.

गॅलरी म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरची दोन हात रुंदीची पट्टी. कठड्याला लागून सात रोपं ओळीनं उभी होती: दोन तेलाच्या डब्यांत, तीन आईस्क्रीमच्या डब्यांत, एक कापलेल्या बाटलीत आणि एक आईच्या जुन्या स्टीलच्या डब्यात, ज्याचं झाकण कधीच हरवलं होतं. आई या सगळ्यांना कुंड्याच म्हणायची. प्रत्येकात घसा तपासायची लाकडी पट्टी खोचलेली होती. निवृत्तीच्या दिवशी वॉर्डानं आईला घड्याळ दिलं होतं. या पट्ट्यांचं खोकं तिनं स्वतःच स्वतःला दिलं होतं.

रोपं चांगली वीतभर, काही हातभर वाढली होती. पण पानं थांबल्यासारखी वाटत होती. थोरलीनं एक डबा उचलून खाली बघितलं. भोकातून पांढरी मुळं बाहेर डोकावत होती.

“आई, अगं यांना जागा पुरत नाहीये. मोठ्या कुंड्यांत कधी हलवणार?”

“बघू पुढच्या महिन्यात.”

“मोठ्या कुंड्या तर आणून ठेवल्यास की. मातीही कालवलेली दिसतेय.”

“हो. बघू.”

माती कालवून ठेवायची आणि काम पुढच्या महिन्यावर टाकायचं, ही आईची रीत नव्हती. बाळाचं वजन करायला वॉर्डात पाच मिनिटं उशीर झाला तरी ती घरी येऊन जेवायची नाही.

थोरलीनं पहिल्या डब्याकडे बोट दाखवलं. शक्य तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, “हे कशाचं गं?”

आईनं रोपाकडे बघितलं. मग पट्टीकडे. मग म्हणाली, “आंबा.”

थोरलीनं कप कठड्यावर ठेवला. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. दिवसातून चार वेळा ती तो दुकानात बघायची.

“पट्टी वाचून नको सांगू. रोप बघून सांग.”

“म्हणजे तूही परीक्षा घ्यायलाच आली आहेस.” आई आत वळली. “घ्या. एकानं प्रश्नपत्रिका काढली, दुसरीनं तपासली. मला नापास करून खोलीत बसवा एकदाचं.”

“आई.”

“पडदे कुठल्या रंगाचे आहेत तेवढं सांग.”

 आईचा राग संपेपर्यंत थांबायचं असतं, हे ती लहानपणीच शिकली होती. आई स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरी उभी राहिली, पदराच्या टोकाची गुंडाळी केली, सोडली, परत केली.

“मला वाटत होतं ते ॲव्होकाडो आहे,” शेवटी ती म्हणाली, आणि आवाज एकदम लहान झाला. “अजूनही वाटतं. पण पट्टी म्हणते आंबा. प्रत्येकाचं तसंच. मी म्हणते लिंबू, तर पट्टी म्हणते संत्रं. मी म्हणते चिकू, तर ती म्हणते लिची. पेरूवर तेवढं आमचं जमतं.”

“पट्टी चुकली असेल.”

“मीच लिहिलेली ना? पेरलं त्याच दिवशी, पेरलं तेव्हाच. वॉर्डात बाळाच्या मनगटाला चिठ्ठी बांधल्याशिवाय मी त्याला टेबलावरून उचलू दिलं नाही कधी. एकतीस वर्षांत एक बाळ इकडचं तिकडे झालं नाही. म्हणजे पट्टी बरोबर आणि डोकं चूक.”

थोरलीनं वाकून पट्टी वाचली. ठळक काळ्या शाईत ‘आंबा’. प्रत्येक अक्षर वेगळं, शेजाऱ्याला न टेकता, तोलून मापून उभं. आईचं अक्षर धावत्या गाडीतून उडी मारल्यासारखं असायचं.

“हे तुझं अक्षर नाही.”

“तुझ्या भावाचं आहे. मी बँकेत गेले होते त्या दिवशी, आपण जिवंत आहोत हे सही करून सांगायला. तेवढ्यात त्यानं गॅलरी झाडली, डबे पुसले, पट्ट्या धुतल्या. शाई पुसट झाली म्हणून नवीन लिहून ठेवल्या. किती हौसेनं दाखवलं मला. पण उतरवलंय माझ्याच पट्ट्यांवरून, शब्द न् शब्द.”

“मग पान चुरडून वास घेऊन बघायचा. लिंबू आणि संत्रं तुला कुणी वासावरून शिकवायला नको.”

आईनं सरळच असलेली पट्टी परत सरळ केली.

थोरलीनं दुसऱ्या डब्यातल्या रोपाचं एक पान खुडलं, चुरगाळलं आणि आईच्या नाकाशी धरलं. तिच्या स्वतःच्या नाकापर्यंत वास आला होता. “सांग.”

“छान आहे.”

“कशाचा आहे?”

“झाडाचा.”

परत तोच चेहरा. थोरली आत गेली, कॉफीचा डबा घेऊन आली, आईला डोळे मिटायला लावलं आणि झाकण उघडलं.

“साबण,” आई म्हणाली. मग थोडं थांबून, “टाल्कम पावडर?”

“डोळे उघड.”

आईनं डबा बघितला आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. थोरलीही तिच्याशेजारी बसली. दोघींना मिळून ती जागा कमी होती, पण कुणी सरकलं नाही.

“कधीपासून?”

“तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून. म्हटलं, येईल परत.”

“म्हणजे दूध करपलं तेव्हा…”

“मी आत उशांना अभ्रे घालत होते. धूर माझ्यापर्यंत आला असता तर दिसला असता. वास तर मला येतच नव्हता.”

“हे तू आम्हाला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? माझं नाक गेलं म्हणून?” आई हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. “दारात उभं राहून सांगायचे मी, कुठल्या पाळण्यातलं दुपटं बदलायला झालंय. डॉक्टर मला नाकवाल्या सिस्टर म्हणायचे. आणि त्याला सांगितलं असतं तर म्हणाला असता, आज नाक, उद्या डोकं. अंतर तरी किती आहे दोन्हींत? चार बोटं. मग पट्ट्यांचं झालं. एक गोष्ट चुकली तर माणूस सोडून देतो गं. दुसरी चुकली की मोजायला लागतो.”

 थोरलीच्या मनात आता एकाच वेळी दोन गोष्टी चालल्या होत्या. दुधाचा उलगडा झाला, हे बरं झालं. पण दूध हा अर्धाच पुरावा होता. नाक नसलेली बाई एकटी राहू शकते. स्वतः पेरलेलं ओळखू न येणारी बाई नाही.

“आई, ॲव्होकाडोची बी मोठी असते ना? लिंबाएवढी?”

“असते.”

“आणि आंब्याची कोय चपटी. मग ती अजून मुळाशी असेलच. उकरून का नाही बघितलंस?”

आईनं तिच्याकडे बघितलं. “म्हणूनच नाही बघितलं.”

पट्ट्या बदलल्याला पाच आठवडे झाले होते. तेव्हापासून ती रोज सकाळी त्या डब्याला पाणी घालत होती, आणि आत काय आहे ते तिला बघायचं नव्हतं. मातीत असेपर्यंत दोन्ही शक्य होतं. थोरलीला ते कळलं. रिपोर्टाचं पाकीट न उघडता पर्समध्ये घालून हिंडणारी गिऱ्हाइकं तिनं पाहिली होती.

“मी उघडते,” ती म्हणाली. “तू फक्त सांग कसं करायचं ते.”

आता सांगायचं म्हटल्यावर आई उठली. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. मोठी कुंडी ओढली, तळातल्या भोकावर फुटक्या कपाचा तुकडा उपडा ठेवला, मातीचा थर दिला. हात सराईत चालत होते. फक्त पहिल्या डब्याकडे तिचे डोळे जात नव्हते.

“सकाळी पाणी घातलंय, माती सुटेल. तळवा मातीवर ठेव. खोड दोन बोटांच्या मध्ये. खोडाला धरून ओढायचं नाही. मान धर, मान. हं. आता उलटं कर आणि बुडावर थापट्या मार. जोरात नको, ढेकर काढतो तशा.”

थोरलीनं डबा उलटा केला. एक थापटी, दुसरी, तिसरी. सगळा गोळा एकदम तिच्या हातात आला, डब्याच्या आकाराचा, पांढऱ्या मुळांनी गुंडाळलेला. आईनं डोळे मिटून घेतले होते.

थोरलीनं बोटांनी वरची माती बाजूला केली. खोडाच्या बुडाशी काहीतरी कडक लागलं. तिनं अंगठ्यानं पुसलं. तपकिरी, गोल, मधोमध दुभंगलेलं आणि त्या फटीतून खोड वर गेलेलं.

“आई, बघ.”

“तूच सांग.”

“गोल आहे.”

आईनं एक डोळा उघडला. मग दुसरा. मग तिनं दोन्ही हातांत तो गोळा घेतला, बीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि पदरानं आधी चष्मा पुसला, मग डोळे. हा क्रम चुकला होता, त्यामुळे चष्मा परत पुसावा लागला.

“ॲव्होकाडो,” ती म्हणाली. “मी म्हणतच होते.”

“शेवटची कुंडी कशाची?”

“पट्टी म्हणते ॲव्होकाडो.”

“पट्टी गेली खड्ड्यात. तू काय म्हणतेस?”

“आंबा,” आई म्हणाली, या वेळी पट्टीकडे न बघता, ‘घाल माझ्याशी वाद’ अशा सुरात.

सातवा डबा उलटा केला. आत आंब्याची चपटी, सुरकुतलेली कोय होती, रोपाला अजून चिकटलेली. थोरलीला हसू फुटलं आणि मग थांबेना. आईही हसायला लागली. खालून शिंपिणीनं मान वर करून विचारलं, “काय हो सिस्टर, काय झालं?”

“आंबा झाला,” आई वरून म्हणाली.

मग उरलेली रोपं भराभर बाहेर आली. थोरली आईचं नाक झाली. आई पानं बघून सांगायची, थोरली चुरडून हुंगायची आणि मान डोलवायची: हे लिंबूच, ते संत्रंच. चिकूच्या मातीत बीचं काळं चकचकीत टरफल सापडलं. लिचीच्या मुळाशी तपकिरी बी अजून होती. गोल गोल फिरलेली मुळं आईनं उकळून घेतलेल्या कात्रीनं कापली. थोरलीला तिनं तीनदा सुनावलं, दोनदा माती फार दाबते म्हणून आणि एकदा खोड फार खोल पुरते म्हणून. “गळ्यापर्यंत पांघरूण घालायचं, नाकापर्यंत नाही. एवढी मोठी झालीस.”

सुनावलं जाताना थोरलीला इतकं बरं यापूर्वी कधीच वाटलं नव्हतं.

हात पुसून तिनं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दोन रांगा लिहिल्या. एकीत आईनं सांगितलेली नावं, पहिल्या डब्यापासून सातव्यापर्यंत. दुसरीत पट्ट्यांवरची. बराच वेळ ती बघत बसली. दुकानातली तपासणीची खोली चिंचोळी होती, म्हणून तिथला तक्ता उलटा छापलेला होता आणि गिऱ्हाईक तो समोरच्या आरशात वाचायचं. उलटं सुलट करायची तिच्या डोळ्यांना सवय होती.

“आई, ही रांग खालून वर वाच.”

आईनं वाचली. “ही तर माझीच.”

“म्हणून पेरू जमला. तो मधला. कुठूनही मोजला तरी चौथाच.”

थोरलीनं धाकट्याला फोन लावला आणि आवाज मोठा करून मोबाईल खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

“हं, ताई. काय ठरलं?” त्याचा आवाज असा होता, जसं काही त्याला उत्तर नकोच होतं.

“आधी एक सांग. त्या दिवशी पट्ट्या धुतल्यावर वाळत कुठे घातल्या होत्यास?”

“खिडकीच्या कट्ट्यावर. स्वयंपाकघरात उभं राहून. अगदी क्रमानं, डावीकडून उजवीकडे. का?”

“आणि उचलल्यास कुठून?”

“कुठून म्हणजे? बाहेर गॅलरीत जाऊन खिडकीतून हात घालून. डावीकडून एकेक…”

तो थांबला. 

“ताई.”

“हं.”

“आतली डावी म्हणजे बाहेरची उजवी.”

“हो.”

“म्हणजे पहिलीची सातवी आणि दुसरीची…” तो पुटपुटत हिशेब करत राहिला. “चौथी?”

“चौथी तेवढी बरोबर होती.”

 मग धाकट्यानं नाक शिंकरलं, एकदा, दोनदा. “म्हणजे आईचं डोकं…”

“डोकं ठीक आहे. नाक गेलंय.”

“गेलंय म्हणजे? कुठे गेलं?”

“वास येत नाही तिला. तापापासून. दूध त्यामुळे करपलं. उद्या मी तिला डॉक्टरकडे नेतेय आणि गॅस सुटला की वाजणारी ती घंटी तू बसवून दे. हातोडी दुसऱ्या कुणाच्या हातात दे.”

आईनं थोरलीला बाजूला सारलं आणि खिडकीत वाकली. “बाळ्या, ऐकतोस का? अक्षर सुंदर काढलंयस. वॉर्डात असतास तर सात आयांच्या घरी दुसऱ्याच कुणाची बाळं गेली असती, पण अक्षर सुंदर.”

“सहा,” धाकटा म्हणाला. “चौथीचं बरोबर गेलं असतं.”

“बरं, सहा.”

“आई, तू मला तेव्हाच का नाही म्हणालीस की मी चुकलो?”

“मला तरी कुठे माहीत होतं?” आई म्हणाली, आणि मग जरा हळू, “तू इतक्या निवांतपणे विचारत होतास. मला वाटलं, याला बरोबरच माहीत असणार.”

“मला पाच आठवडे झोप नाही, आई.”

“मलाही. आज झोप आता. आणि पडदे राहू देत. चार दिवस येईन मी पाहुणी म्हणून. रंग कुठला आहे?”

“फिकट हिरवा.”

“बरा आहे,” आई म्हणाली.

दुपारी जेवणं झाल्यावर आईनं दूध तापत ठेवलं आणि ते वर येईपर्यंत शेगडीसमोरून हलली नाही. तिथूनच ती थोरलीला हुकूम सोडत होती: आठवडाभर सावली, ऊन नको, आणि यापुढे प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या, एक मातीत, एक कुंडीच्या अंगावर रंगानं. बाळाला मनगटाला एक आणि घोट्याला एक असायची, तिनं रोपांच्या बाबतीत आळस केला, तो तिच्या अंगाशी आला. थोरली ब्रश घेऊन कुंड्यांवर नावं रंगवत होती. पहिल्या कुंडीपाशी ती आली तेव्हा आई म्हणाली, “तिला नको. ती त्याच्याकडे ने. आणि त्याची ती पट्टी तशीच राहू दे तीत.”

“‘आंबा’ म्हणून?”

“रोज सकाळी बघेल तो. बघू दे.”

संध्याकाळी थोरली बसमध्ये बसली ती मांडीवर कुंडी घेऊन. येताना या रस्त्यावर तिनं एकही दुकान, एकही फलक बघितला नव्हता; आता बेकरी दिसली, छत्र्या दुरुस्त करणारा दिसला, एका दारात दोरीच्या उड्या मारणारी मुलगी दिसली. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी पानांकडे निरखून बघितलं, मग पट्टीकडे.

“आंबा का हो?”

“नाही. ॲव्होकाडो.”

“पण लिहिलंय तर आंबा.”

“हो,” थोरली म्हणाली, आणि वळणावर खोड हलू नये म्हणून दोन बोटांमध्ये धरलं. “ते माझ्या भावानं लिहिलंय.”